ताबा सुटला म्हणता, पण ताबा आला होता कधी?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात यंदा कोणी गाडी शिकणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी मध्येच सोडली तरी राग नाही.

वीसेक वर्षं झाली बातम्या लिहितोय. त्यात एक वाक्य किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने...’ गाडी झाडावर गेली, ताबा सुटला. चहाच्या टपरीत घुसली, ताबा सुटला. पुलाच्या कठड्याला धडकली, ताबा सुटला. पोलीस ठाण्यातून माहिती येते, आपण तीन ओळी लिहितो, जखमींची नावं बरोबर आहेत ना बघतो आणि पुढच्या बातमीला लागतो. एक साधा प्रश्न इतक्या वर्षांत मला सुचला नाही. ताबा सुटला म्हणजे आधी होता. तो होता का?

हा प्रश्न मला बातमी लिहिताना नाही, घरात पडला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कामानिमित्त सोलापूरला मुक्कामी होतो. रात्री सव्वाएकला आप्पांच्या छातीत कळ आली. गाडी दारात उभी. बायकोकडे लायसन्स, तेही चार वर्षांपूर्वीचं, रीतसर ड्रायव्हिंग क्लास लावून काढलेलं. १०८ ला फोन लावला तर यायला वेळ लागेल म्हणाले. हिने धीर करून चावी घेतली. आमच्या गल्लीतून गाडी मागे घेत बाहेर काढावी लागते. तीन वेळा बंद पडली. चौथ्यांदा फाटकाच्या खांबाला घासली. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं, त्यांनी गाडी काढून दवाखान्यात नेली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. आप्पा वाचले, आज ठणठणीत आहेत, रोज सकाळी पेपरात माझ्या चुका काढतात. पण ती वीस मिनिटं आमच्या घरातून गेलेली नाहीत.

मी परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, “अहो, मला रिव्हर्स कधी शिकवलंच नाही त्यांनी. मैदानात एकदा दोन खांबांमधून मागे नेली होती, तेव्हाही क्लचवर पाय त्यांचाच होता.”

मग मी खोदून खोदून विचारलं. तिसऱ्या गिअरच्या पुढं तिला जाऊच दिलं नव्हतं. “मॅडम, तुम्हाला गावातच चालवायचीय ना, मग बास झालं.” रात्री एकदाही चालवली नव्हती. चढावर थांबून परत निघणं माहीत नव्हतं. एकवीस दिवस रोज तोच रस्ता, तीच वळणं. तिला तो रस्ता चालवता यायला लागला होता, गाडी नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाचीनं क्लास लावला, तेव्हा मी ठरवलं की या वेळी डोळ्यांनी बघायचं. क्लासचं नाव लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि मला कोणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये. तीन दिवस मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. हातात मोबाईल, त्यात स्टॉपवॉच. भाचीचा हात स्टिअरिंगवर आला की चालू, उतरली की बंद.

पहिल्या दिवशी ११ मिनिटं. दुसऱ्या दिवशी १६. तिसऱ्या दिवशी १३.

क्लास ‘रोज अर्धा तास’ असा होता. गाडीत चौघं. एकाला घरून उचलायचं, दुसऱ्याला कॉलेजजवळ सोडायचं, मध्ये पेट्रोल भरायचं, मध्येच सरांना फोन. अर्धा तास गाडी चालतच होती, फक्त ती भाची चालवत नव्हती. मी तिला म्हटलं, वही घाल. तिनं घातली. एकवीस दिवसांतले तीन दिवस गाडी आरटीओच्या कॅम्पला गेली म्हणून सुट्टी. उरलेल्या अठरा दिवसांत तिचा हात स्टिअरिंगवर होता एकूण ४ तास १० मिनिटं.

आता हिशोब करा. क्लासनं सांगितलं होतं, शिकवायचे ३,५०० रुपये, लायसन्सचं वेगळं. ४ तास १० मिनिटांचे ३,५०० म्हणजे तासाला ८४० रुपये. पूर्ण दहा तास मिळाले असते तर तासाला ३५० पडले असते. मंडईत अर्धा किलो वांगी देऊन एक किलोचे पैसे घेतले तर आपण तराजू उचलून बघतो, भांडतो, चार माणसं गोळा करतो. इथं निम्म्याहून कमी माल मिळाला आणि जाताना आपण पेढे देऊन आलो.

दहा तास हा आकडा माझ्या मनातला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला ३१ वा नियम. खासगी गाडी शिकवायची असेल तर कोर्स किमान २१ दिवसांचा हवा आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १० पेक्षा कमी नकोत. यातले २१ दिवस क्लासवाल्यांना तोंडपाठ आहेत, पाटीवर लिहिलेले असतात. १० तास मात्र कुठल्याच पाटीवर मी वाचलेले नाहीत.

त्याच नियमांत आणखी काय आहे बघा. क्लासचं स्वतःचं लायसन्स लागतं आणि ते ऑफिसात दिसेल असं लावायचं असतं. शिकवण्याची गाडी दुहेरी कंट्रोलची हवी. रजिस्टर ठेवायचं असतं. फॉर्म १४ मध्ये कोण कधी दाखल झालं त्याची नोंद, आणि फॉर्म १५ मध्ये प्रत्येक शिकाऊनं प्रत्यक्ष किती तास गाडी चालवली त्याची नोंद. कोर्स पुरा झाला की फॉर्म ५ मध्ये दाखला. नियम मोडला तर परवाना निलंबित करण्याचा, रद्द करण्याचा अधिकार परिवहन खात्याला आहे. म्हणजे माझ्या भाचीनं वहीत जे लिहिलं, ते लिहून ठेवायची जबाबदारी पस्तीस वर्षांपासून क्लासवर आहे. त्या फॉर्म १५ मध्ये तिच्या नावासमोर किती तास लिहिलेत, हे विचारायला आम्ही गेलो. “साहेब, रजिस्टर दुसऱ्या ऑफिसला आहे.” दुसरं ऑफिस कुठंय ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल पत्रकाराला एकच बाजू दिसते.

शिकवणाऱ्या सरांशी मी नंतर चहा घेत बोललो. माणूस वाईट नाही. सकाळी सहाला गाडी काढतो, रात्री आठला लावतो. दिवसभर नवख्या माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो. पगार ऐकला तर तुम्हाला वाईट वाटेल. तो म्हणाला, “पत्रकार साहेब, एक सांगतो. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न काय विचारतं माहितीय? लायसन्ससकट किती? शिकवणार काय, किती वेळ, हे विचारणारा वर्षाला एखादा. आणि समोरचा क्लास पाचशे कमी करतो म्हटलं की गिऱ्हाईक गेलं तिकडं. मग आम्ही काय करायचं? एका गाडीत चार बसवायचे.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण चार वर्षांपूर्वी बायकोसाठी क्लास लावताना मीही हाच प्रश्न विचारला होता. लायसन्ससकट किती. वर पाचशे कमी करून घेतले होते आणि घरी येऊन फुशारकी मारली होती. त्या रात्री फाटकाला जी गाडी घासली, त्यात माझे ते पाचशे रुपयेही होते.

पण म्हणून क्लासवाले सुटत नाहीत. धंद्यात स्पर्धा सगळ्यांनाच आहे. हॉटेलवाल्यालाही आहे, म्हणून तो शिळं वाढायला लागला तर आपण चालवून घेत नाही. दहा तास परवडत नसतील तर फी वाढवा आणि दहा तास द्या. फी कमी ठेवायची आणि तास गुपचूप कापायचे, याला स्पर्धा म्हणत नाहीत.

आणि तिसरा भागीदार आहे आरटीओ. तालुक्याला कॅम्प येतो त्या दिवशी रांग बघा. एका माणसाची चाचणी पाच मिनिटंही चालत नाही. गाडी क्लासची, जागा ओळखीची, शेजारी सर बसलेले. यात नापास होणारा कोण? पुण्याजवळ भोसरीला सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर चाचणी होते, तिथं ओळखपाळख चालत नाही. आमच्या तालुक्याच्या माणसाच्या जिवाची किंमत पुण्याच्या माणसापेक्षा कमी आहे का? पाच वर्षांत किती क्लासची तपासणी झाली, फॉर्म १५ ची किती रजिस्टरं बघितली, किती परवाने निलंबित झाले, हे मी माहिती अधिकारात विचारतोय. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज या आठवड्यात जाईल. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.

काहीजण म्हणतील, आमचा बाप शेतात ट्रॅक्टरवर शिकला, कुठला क्लास लावला होता? खरंय. शेतात समोर बांध असतो, फार तर लिंबाचं झाड. आजच्या रस्त्यावर समोरून दोन ट्रॉल्यांचा ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, मागं लाल दिवा नसतो, बाजूनं तिघं बसलेली मोटरसायकल चुकीच्या दिशेनं येते आणि मागून ट्रॅव्हल्सवाला लाईट मारत असतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारच्याच अहवालातला आकडा आहे. महाराष्ट्रातली पंधरा हजारांच्या वर. ही सगळी नवख्यांमुळे गेली असं मी म्हणत नाही. वेग आहे, दारू आहे, खड्डे आहेत. पण गाडीसमोर अचानक काही आलं तर ब्रेक कधी आणि किती दाबायचा, हे पायाला माहीत असावं लागतं. ते व्हॉट्सअॅपवर वाचून येत नाही, तासांनीच येतं.

व्हॉट्सअॅपवरून आठवलं. २०२४ च्या मे महिन्यात सगळीकडे फिरत होतं की १ जूनपासून कुठल्याही क्लासमध्ये चाचणी द्या, आरटीओत जायची गरज नाही. लोकांनी त्यावर विश्वासही ठेवला. असं काही नव्हतं, नियम बदललेला नाही हे केंद्राला सांगावं लागलं. खरा नियम २०२१ चा आहे. सरकारनं मान्यता दिलेलं मोठं प्रशिक्षण केंद्र असेल, स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर, सगळं असेल, आणि तिथं हलक्या वाहनाचा २९ तासांचा कोर्स पुरा करून तिथलीच परीक्षा पास झालात, तर आरटीओच्या चाचणीतून सूट. २९ तास! आणि आपण इथं चार तासांवर खूश. आपल्या कोपऱ्यावरचा क्लास म्हणजे ते केंद्र नव्हे, हे लक्षात ठेवा.

बरं, शिव्या घालून झाल्या. आता ज्याला फी भरायची आहे त्यानं करायचं काय? माझ्या, बायकोच्या आणि भाचीच्या चुकांमधून जे कळलं ते लिहितो.

एक. दिवस विचारू नका, तास विचारा. ‘माझा हात स्टिअरिंगवर किती तास?’ असंच विचारा. पावतीवर ते लिहून घ्या: एकूण तास, गाडीत किती जण, जादा तास लागला तर दर काय. सगळे पैसे एकदम देऊ नका. निम्मे आधी, निम्मे दहा तास भरल्यावर. पावती देत नाही म्हणाला तर तिथूनच मागं फिरा. बिल न देणं हा ग्राहक कायद्यात अनुचित प्रकार धरला जातो.

दोन. लायसन्सचा आणि शिकण्याचा सौदा वेगळा ठेवा. एका प्रकारच्या वाहनासाठी शिकाऊ आणि पक्कं मिळून सरकारी खर्च साधारण हजाराच्या आसपास जातो. ‘लायसन्ससकट’ म्हणून त्यापेक्षा किती जास्त मोजताय ते बघा. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या देता येते. ती स्वतः द्या, दुसऱ्याला द्यायला लावू नका. चिन्हं, उजव्या हाताचा नियम, हे डोक्यात न घालता रस्त्यावर उतरलात तर नुकसान तुमचंच. आणि शिकाऊ लायसन्स हातात आल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका. पहिल्याच दिवशी ‘बसा, काही होत नाही’ म्हणणारा क्लास पुढंही काही होत नाही असंच म्हणणार.

तीन. सरांना पाय वर घ्यायला सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्या बाजूला क्लच आणि ब्रेक असतो. त्यांनी हळूच दाबला तर गाडी बंद पडत नाही आणि आपल्याला वाटतं आपल्याला जमलं. घरच्या गाडीत पहिल्याच दिवशी ती चार वेळा बंद पडते ती यामुळे. पहिले चार-पाच दिवस त्यांचा पाय असू द्या, तो तुमच्या जिवासाठीच आहे. नंतर मोकळ्या जागी, चढावर, पाय काढायला सांगा. बंद पडू दे. क्लासमध्येच बंद पडायला हवी, चौकात नको.

चार. अवघड तेच मागा. रिव्हर्स, दोन गाड्यांमध्ये गाडी लावणं, अरुंद गल्लीतून मागं येणं, चढावर थांबून निघणं. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडसमोरून जाणं. हायवेला लागणं आणि चौथ्या-पाचव्या गिअरपर्यंत जाणं. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करणं, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे कधी करायचं नाही ते. किमान दोन तास अंधार पडल्यावर. रोज एकच रस्ता असेल तर तिसऱ्या दिवशी म्हणा, सर, आज दुसरीकडून. सोपं चालवून वेळ घालवणं सरांना परवडतं, तुम्हाला नाही.

पाच. वही ठेवा. तारीख, मिनिटं, आज काय चुकलं. भाचीच्या वहीत एका पानावर लिहिलंय, ‘डावीकडं वळताना आरसा बघत नाही.’ दुसऱ्या दिवशी तिनं सरांना तेवढंच सांगितलं आणि पंधरा मिनिटं फक्त डावी वळणं घेतली. एवढ्या चार तासांत खरं काही शिकली असेल तर त्या दिवशी, असं ती म्हणते. मागच्या सीटवर बसायची पाळी आली तर मोबाईल बघू नका, पुढच्याच्या चुका बघा. तेही फुकटचं शिकणं आहे.

सहा. क्लास आणि घर जोडा. क्लासमध्ये आज जे झालं ते रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घरच्या गाडीत करा. पुढं-मागं लाल अक्षरातला एल लावा. शेजारी लायसन्सवाला माणूस, गाडी थांबवता येईल असा बसलेला हवा. नुसता धीर द्यायला दीर किंवा मेव्हणा नको. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की लगेच पक्क्याच्या चाचणीला धावलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

सात, खास बायकांसाठी आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी. ‘गावातच चालवायचीय ना’ हे वाक्य ऐकलं की समजा, तास कापले जातायत. अडचणीच्या वेळी गाव-बाहेरगाव असं काही नसतं. आणि नवऱ्यांनो, शेजारी बसून ओरडू नका. मी ओरडायचो. त्यानं फक्त क्लचवरचा पाय थरथरतो.

एवढं करूनही क्लासनं फसवलं तर? आधी लेखी तक्रार क्लासला, मग आरटीओला, पोच घेऊन. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंद करा. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. तीन हजारांसाठी कोण भांडत बसतो, असं म्हणाल. तीन हजारांसाठी नका भांडू. सहा तासांसाठी भांडा.

क्लासवाल्यांनाही एक आवाहन, रागानं नाही. जो क्लास पाटीवर ‘प्रत्यक्ष ड्रायव्हिंग १० तास, रजिस्टर बघायला मिळेल’ असं लिहील आणि तसं वागेल, त्याची बातमी मी स्वतः लिहीन, जाहिरातीचा एक रुपया न घेता. फी थोडी जास्त असली तरी लोक येतील. निदान मी तरी भाचीच्या धाकट्या भावाला तिथंच पाठवीन.

बायको नंतर पुन्हा शिकली. या वेळी एकटीनं, तासाच्या हिशोबानं, सकाळी आणि अंधार पडल्यावरही. पैसे पहिल्यापेक्षा जास्त लागले, मी घासाघीस केली नाही. गेल्या महिन्यात आप्पांना तपासणीला सोलापूरला तीच घेऊन गेली. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. मी मागं बसलो होतो. आप्पा पुढं बसून सारखे म्हणत होते, सूनबाई, हळू. ती म्हणाली, “आप्पा, साठवरच आहे.”

त्या रात्री ती दुसऱ्या कोणाच्या दारात गाडी घेऊन गेली असती, समोर कोणी आलं असतं आणि काही झालं असतं, तर बातमी मीच लिहिली असती. चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने. ते वाक्य मी आता लिहीत नाही. तपासात काय निघालं ते लिहितो, नाहीतर कारण समजलेलं नाही असं लिहितो.

तुम्ही उद्या फी भरायला जाल तेव्हा किती पैसे हे नंतर विचारा. आधी विचारा, तास किती?